छोटं जेट अवघड असतं का? विमान यवतला आणि आपण सोलापुरात

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालंय, उड्डाणाचे २१५ तास आहेत, बहुतेक सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या प्रोपेलरवाल्या विमानावर, आणि वडिलांच्या ओळखीतल्या चाकणच्या एका कारखानदारांनी सेकंडहँड सायटेशन सीजे२ हे दोन इंजिनांचं छोटं जेट घेतलंय. ते म्हणतायत टाईप रेटिंगचं, म्हणजे ते ठराविक विमान उडवायच्या परवान्याचं, आम्ही बघतो, तू ये. वर तुला कोणीतरी सांगितलंय की ते विमान सिंगल पायलट सर्टिफाईड आहे, ऑटोपायलट सगळं करतो, मग त्यात एवढं अवघड काय. तर हो म्हणू का एअरलाईनची वाट बघू, असं तुला विचारायचंय.

मी एकोणीस वर्षं हेच करतोय, आधी टर्बोप्रॉप (जेट इंजिनावर फिरणारा प्रोपेलर) मग छोटी जेट, बेस पुणेच. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी कबूल करतो की हाताने उडवायला सीजे२ सोपं आहे. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, १७२ सरळ टेकवणं जास्त कसबाचं काम आहे असं माझं प्रामाणिक मत. पंख सरळ, इंजिनं मागे धडाला चिकटून, त्यामुळे एक बंद पडलं तरी पंखावर इंजिन असलेल्या ट्विनसारखं (दोन इंजिनांच्या विमानासारखं) नाक गरकन वळत नाही, प्रोपेलर नाही, पिस्टन इंजिनातली मिक्श्चर, कार्ब हीट असली कटकट नाही. सायटेशन बनवलंच मुळात या विचाराने. त्याच्या आधी १९६३ ला लियरजेट आलं, ते म्हणजे रेसचा घोडा, आणि पिस्टनवरून थेट त्यावर जाऊन बसलेल्या बऱ्याच जणांना तो झेपला नाही, सुरुवातीच्या वर्षांत अपघात खूप झाले. मग १९६९ मध्ये पहिलं सायटेशन उडालं, मुद्दाम संथ आणि समजूतदार, इतकं की लोक त्याला ‘स्लोटेशन’ म्हणून चिडवायचे. १९७७ ला तर एका पायलटला परवानगी असलेलं मॉडेलही आलं. म्हणजे तुला सांगणारा खोटं बोलत नाहीये, त्याने अर्धंच सांगितलंय एवढंच.

अवघड आहे ते वेळेचं गणित. १७२ वर तू मिनिटाला दोन मैलसुद्धा जात नाहीस. सीजे२ वर क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, मिनिटाला साडेसहा नॉटिकल मैल, म्हणजे साधारण बारा किलोमीटर, स्वारगेट ते लोहगाव एका मिनिटात समज. आता तू चार्ट शोधायला खाली बघितलंस, फ्रिक्वेन्सी चुकली, परत विचारलीस, दोन मिनिटं गेली, तेवढ्यात पंचवीस किलोमीटर मागे पडले. विमान थांबत नाही तुझ्यासाठी.

माझाच किस्सा सांगतो. जेटवर पहिले तीन-चार महिने झाले असतील, हैदराबादहून पुण्याला येत होतो, ३८,००० फुटांवर, मी उडवत होतो आणि डावीकडे आमचे कॅप्टन, मितभाषी माणूस. आता लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर, म्हणजे उतरायचे ३६,००० फूट, हजार फुटाला तीन मैल धर, १०८ मैल, वर स्पीड कमी करायला दहा-बारा मैल. म्हणजे डिसेंट, खाली उतरणं, सुरू व्हायला हवं सोलापूरच्या आसपास. हे गणित मला तोंडपाठ होतं बरं का, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. पण त्या दिवशी मी रेडिओवर बोलत बसलो, मागून कोणीतरी एसी कमी करा म्हणालं, त्यात लक्ष गेलं, डिसेंट मागायला उशीर झाला, मग कंट्रोलरने दुसऱ्या ट्रॅफिकमुळे मध्येच एका लेव्हलला धरून ठेवलं. पंचवीस मैलांवर, म्हणजे यवतच्या आसपास, मी अजून बारा हजार फुटांवर आणि स्पीड २५० नॉटच्या वर. थ्रॉटल पूर्ण मागे, स्पीडब्रेक बाहेर, तरी गणित जुळेना. कॅप्टन शांतपणे म्हणाले, “विमान यवतला आलंय, तू अजून सोलापुरात आहेस.” मग त्यांनी एक ऑर्बिट मागून घेतली, आम्ही गोल फिरून खाली आलो, मागे बसलेल्यांना कळलंही नाही.

ते वाक्य मी आजतागायत प्रत्येक नवीन को-पायलटला ऐकवतो. जेटला प्रोपेलर नसतो, त्यामुळे थ्रॉटल मागे घेतला की १७२ सारखा ब्रेक लागत नाही, ते घसरगुंडीवरून घसरल्यासारखं जात राहतं. एकतर खाली येईल नाहीतर हळू होईल, दोन्ही एकदम मागायचं नाही त्याच्याकडे. आणि उलट बाजूने, फार हळू झालास आणि पॉवर दिलीस तर प्रोपेलरचा वारा पंखावरून लगेच जातो तसलं काही इथे नाही, इंजिन फिरून वेग घ्यायला काही सेकंद घेतं. त्यामुळे जेटवर ‘करेक्शन’ ही गोष्ट आधीच करायची असते, गोष्ट बिघडायच्या पाच मिनिटं आधी. मी स्वतःला सतत एक प्रश्न विचारतो, पुढच्या दोन गोष्टी कुठल्या? आत्ता काय चाललंय हा प्रश्न जेटवर उशिराचा असतो.

म्हणून मग लोक म्हणतात ऑटोपायलट आहे ना. आहे की, आणि वापरायचाच, उगाच हिरोगिरी नको. शिवाय २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये उभं अंतर हजारच फूट ठेवतात, तिथे तो लागतोच. पण ऑटोपायलट म्हणजे अतिशय आज्ञाधारक आणि अजिबात अक्कल नसलेला नोकर आहे, तू सांगशील ते करेल, चुकीचं सांगितलंस तर चुकीचं, आणि काही वेळा तुला वाटतं सांगितलंय पण बटण नीट दाबलंच गेलेलं नसतं. आमच्याकडे नियम असा की उंची बदलली की एकजण सेट करतो, दुसरा बोट दाखवून मोठ्याने वाचतो, आणि ऑटोपायलटचा मोड कुठला लागलाय तेही स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बघून बोलायचं. बटणाकडे बघून नाही, पट्टीकडे बघून. पहिल्या दिवशी तुला हे शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटेल.

आता लँडिंग. याच्यावर थोडा रेंगाळतो कारण छोट्या जेटवाल्यांची खरी गोची इथे होते. सीजे२ ला थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा फिरवून विमान थांबवणारे, नाहीत, अटेन्युएटर म्हणून एक प्रकार आहे जो इंजिनाचा उरलेला धक्का मारतो, पण मागे खेचत नाही. थांबायचं ते फ्लॅप (पंखाच्या मागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या), स्पीडब्रेक आणि चाकांच्या ब्रेकवर. तुझा ॲप्रोच स्पीड, म्हणजे उतरायला येतानाचा वेग, वजनाप्रमाणे १०५ ते ११५ नॉटच्या घरात येईल. समजा ११० हवा होता आणि तू १२१ ने आलास, फक्त दहा टक्के जास्त, तर ऊर्जा एकवीस टक्के जास्त झाली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते, आणि ती सगळी ब्रेकमधून नाहीतर रनवेच्या लांबीतून वसूल होणार. वर जुलै महिना, रनवे ओला, आणि तू जरा ‘मऊ’ टेकवायच्या नादात हजार फूट तरंगत गेलास. लोहगावला रनवे अडीच किलोमीटरचा आहे, तिथे माफ होतं. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या धावपट्ट्या तेवढ्या उदार नाहीत, आणि काही ठिकाणी टॉवर नाही, ढगातून रनवेपर्यंत आणणारी आयएलएस यंत्रणा नाही, हवामान सांगायला धड माणूस नाही, कुत्री मात्र असतात.

त्यामुळे नियम. ढगात असशील तर जमिनीपासून हजार फुटांवर, उघडं हवामान असेल तर पाचशेवर, सगळं जागेवर हवं. चाकं खाली, फ्लॅप शेवटचे, स्पीड ठरलेल्या मर्यादेत, उतरण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत, चेकलिस्ट संपलेली. यातली एक गोष्ट जरी नसेल तरी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर. ‘होईल रे, करतो ठीक’ हा पर्याय नाही. मी एकदा एका मोठ्या साहेबांना घेऊन, पावसात, अशाच एका ठिकाणी दोनशे फुटांवरून परत वर घेतलं. त्यांना कार्यक्रमाला उशीर झाला, ते खाली उतरताना काही बोलले नाहीत आणि पुढचे दोन दिवससुद्धा बोलले नाहीत. चालतंय.

आता माझा खरा मुद्दा, इतका वेळ त्याचीच तयारी चालू होती.

एअरलाईनमध्ये शिस्त ही कंपनीची असते. तिथे उड्डाणाची आखणी करणारं डिस्पॅच आहे, वजनाचा हिशोब म्हणजे लोडशीट बनवणारा आहे, वेळापत्रक आहे, प्रत्येक फ्लाईटचा डेटा कोणीतरी तपासतो, तू एक हजार फुटांवर जरा जास्त स्पीडने आलास तरी दोन दिवसांनी फोन येतो. छोट्या जेटवर रात्री साडेनऊला पीएचा व्हॉट्सॲप येतो, ‘साहेब सकाळी ७ ला दिल्ली, ५ पॅक्स’, म्हणजे पाच प्रवासी. बस्स. तिथून पुढे रूट, हवामान, नोटॅम (पायलटसाठीच्या सूचना), इंधन, परवानग्या, स्लॉट, वजन, केटरिंगचा डबा, टॉयलेट, विमान धुतलंय का, सगळं दोन माणसं बघतात आणि ती दोन माणसं म्हणजे तू आणि तुझा कॅप्टन. कोणी बघत नसतं. ब्रेथ ॲनालायझर आणि ठराविक काळाने होणारे सिमचे (सिम्युलेटरचे) चेक सोडले तर तू नीट वागतोयस की नाही हे फक्त शेजारच्या सीटला माहीत असतं, आणि तोही सवयीचा झाला की त्याला दिसायचं बंद होतं.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण ३१ मे २०१४, अमेरिकेत बेडफर्डला. गल्फस्ट्रीम फोर, म्हणजे तुझ्या सीजे२ पेक्षा बरंच मोठं, पण गोष्ट तीच. दोन अनुभवी पायलट, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. विमान उभं असताना वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून गस्ट लॉक असतो, तो काढायचा राहिला, कंट्रोल हलवून बघायचे ते बघितले नाहीत, टेकऑफला निघाले, नाक उचलेना, थांबायला उशीर केला, सातही जण गेले. चौकशीत रेकॉर्डरचा डेटा काढला तर त्या विमानाच्या आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा पूर्ण कंट्रोल चेक केलेलाच नव्हता. लक्षात घे, इतक्या वेळा केला नाही आणि काही झालं नाही! म्हणूनच सवय लागली. दोन पायलट असून दुसऱ्याने पहिल्याला टोकलं नाही, तर दुसरी सीट रिकामीच म्हणायची.

आणि एकट्याचं उदाहरण हवं असेल तर त्याच वर्षीचं, ८ डिसेंबर, मेरीलँडमधलं गेदर्सबर्ग. एम्ब्रेअर फेनम १००, तुझ्या विमानाच्याच वर्गातलं, एक पायलट, टाईप रेटेड, मागे दोन प्रवासी. ढगातून येताना बर्फ धरण्यासारखी हवा होती. पंखावरचा बर्फ फोडणारे रबरी बूट चालू करायचे असतात आणि ते चालू केले की ॲप्रोचचा स्पीड जास्त धरावा लागतो, म्हणजे रनवेही जास्त लागतो. त्याने ते चालू केले नाहीत, बर्फ नसतानाचा कमी स्पीड धरून आला, रनवेच्या थोडं अलीकडे विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग कमी पडून पंखांनी उचलणं सोडलं, आणि घरांवर पडलं. विमानातले तिघं आणि एका घरातली आई आणि तिची दोन लहान मुलं, सगळे गेले. हात वाईट होता असं नाही, एक स्विच आणि त्याच्याबरोबर बदलायचा एक आकडा. शेजारी चेकलिस्ट वाचणारा कोणी असता तर… असो. म्हणून आमच्याकडे कागदावर काहीही लिहिलेलं असो, सीटवर दोघं असल्याशिवाय विमान हलत नाही, रिकामं न्यायचं असलं तरी.

रिकाम्यावरून आठवलं, खरी परीक्षा रिकाम्या लेगवर, म्हणजे प्रवासी नसलेल्या फेरीवर, असते. साहेबांना मुंबईला सोडलं, पार्किंग नाही म्हणून विमान पुण्याला परत, वीस-बावीस मिनिटांचा प्रवास, मागे कोणी नाही, रात्रीचे अकरा, दोघांनाही घरी जायचंय. अशाच एका रात्री, पाऊस पडत होता म्हणून, मी वॉकअराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून करायची तपासणी, छत्रीतून अर्धाच केला आणि वर येऊन ‘ओके’ म्हणालो. कॅप्टनने काही न बोलता छत्री घेतली, खाली उतरले, आणि हातात एक लाल पट्टीवालं पिटो कव्हर घेऊन वर आले. स्पीड दाखवणारी नळी बंद ठेवून मी पावसाळी रात्री निघालो असतो! ते कव्हर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं, मुंबईहून पुण्यापर्यंत ते तिथेच होतं.

आपल्याकडचा आणखी एक विषय, मे महिना. पुण्यात दुपारी चाळीस डिग्री, उंची दोन हजार फूट, विमानाला मात्र हवा साडेपाच हजार फुटांसारखी विरळ वाटते. आता एक इंजिन गेलं तर उरलेल्या एकावर चढायचं आणि नियमातला किमान चढ दोन-अडीच टक्के, म्हणजे नॉटिकल मैलाला जेमतेम दीडशे फूट. दक्षिणेला सिंहगडाची रांग, पश्चिमेला सह्याद्री. हे गणित निघायच्या आधी, दर वेळी, त्या दिवशीच्या वजनाला करायचं. आणि वजन म्हणजे काय तर सीजे२ मध्ये टाक्या पूर्ण भरल्या तर सगळ्या सीट भरता येत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात मालकांना समजावून सांग. दिल्लीला निघताना पीए ऐनवेळी हापूसच्या सहा पेट्या घेऊन येतो, साहेबांच्या मित्रांसाठी. सहा पेट्या म्हणजे शंभर-सव्वाशे किलो. मी विमानात एक घरगुती वजनकाटा ठेवतो, लोक हसतात. एकदा चार पेट्या ड्रायव्हरला परत दिल्या, त्या बहुतेक आमच्याच हँगरवाल्यांनी खाल्ल्या.

इंजिन गेल्यावर काय करायचं ते सिममध्ये शिकवतीलच, त्यात एकच सांगतो, हात आवर. नाक सरळ ठेव, चाकं वर घे, स्पीड सांभाळ, आणि चारशे फूट होईपर्यंत कुठल्याही स्विचला हात लावू नको. घाईघाईत चांगलं इंजिन बंद केल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत.

वादळांचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भावर दुपारनंतर जे ढग उभे राहतात ते तुझ्या ४५,००० फुटांच्या छताच्याही वर जातात, वरून उडी मारायचा विचार सोड. वीस मैल लांबून, वाऱ्याच्या वरच्या अंगाने. छोट्या विमानाच्या रडारची डिश छोटी, जवळचा पाऊस मागचं झाकतो, म्हणजे लाल डागाच्या मागे काळं दिसलं तर ती मोकळी वाट असेलच असं नाही.

तर आता तुझा निर्णय. हे मी तुझ्यासाठी ठरवू शकत नाही, कारण ते विमानापेक्षा माणसांवर अवलंबून आहे. डावीकडे कोण बसणार? जेटवर हजारो तास असलेला आणि शिकवायची हौस असलेला कॅप्टन असेल तर दोन वर्षांत तू जे शिकशील ते एअरलाईनच्या उजव्या सीटवर पाच वर्षांत शिकणार नाहीस, कारण इथे सगळंच तुला करावं लागतं. पण कॅप्टन फ्रीलान्स असेल, दर ट्रिपला वेगळा, तर सरळ नाही म्हण, २१५ तासांवर तुला दर वेळी नवीन माणसाच्या सवयी झेपणार नाहीत आणि चूक कुठली आणि स्टाईल कुठली हेही कळणार नाही. वर्षाला विमान किती उडणार ते विचार. खासगी मालकाचं विमान महिन्याला पंधरा-वीस तास उडालं तरी खूप, आणि कमी उडणाऱ्याला जास्त सराव लागतो, म्हणून सिमचं रिकरंट (उजळणीचं प्रशिक्षण) दर वर्षी नक्की आणि त्याचा खर्च कोणाचा ते कागदावर घे. बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा ते वाच, वकिलाला दाखव, ओळखीतले आहेत म्हणून लाजू नको, ओळखीतल्यांचेच बाँड जास्त महागात पडतात. मेंटेनन्स कोण करतं, जुनी लॉगबुकं पूर्ण आहेत का, सेकंडहँड विमानात हे आधी. आणि तुला उद्या एअरलाईनलाच जायचं असेल तर एवढ्या कमी तासांनी वाट लांबते, हेही खरं.

एकट्याने उडवायचा विषय तर कोणी काढलाच तर हसून सोडून दे, निदान पहिली पाच-सहा वर्षं.

आणि साहेबांना भेटायला जाशील तेव्हा पगाराच्या आधी एक विचार. “काका, हवामान खराब असलं आणि आम्ही नाही म्हणालो, तर तुम्ही काय कराल?” ते उत्तर द्यायच्या आधी किती वेळ घेतात ते बघ. “गाडीने जाईन” म्हणाले तर टाईप रेटिंगच्या तारखा विचारून घे, एक्सप्रेसवेने मुंबई तीन तासांवर आहे आणि त्यांच्याकडे गाडी चांगली असणारच.